गीता अर्जुनाला लढायला सांगते, मग निष्काम कर्म आणि अहिंसा यांचा मेळ कसा घालायचा?

अर्जुनाला शस्त्र उचलायला लावणाऱ्या गीतेतून अहिंसा कशी निघते, असे आपण विचारले आहे. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले ती अहिंसाच होती, हे आपण गृहीत धरतो आणि तिथेच घोटाळा होतो, असे मला वाटते. यापूर्वी अनेक युद्धे केलेला हा योद्धा 'स्वजनं हि कथं हत्वा सुखिनः स्याम' असे विचारतो. म्हणजे त्याची अडचण मारण्याची नसून आप्तांना मारण्याची आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अशा मर्यादित अहिंसेसाठी कोळ्याचे उदाहरण दिले आहे: तो मासे मारतो, इतर कोणाला मारत नाही. योगसूत्रांचे कर्ते पतंजली यांच्या मते (योगसूत्र २.३१) जात (म्हणजे प्राण्याचा प्रकार), देश, काळ आणि प्रसंग यांचे कुंपण नसेल, तरच अहिंसा महाव्रत ठरते.

'कर्मण्येवाधिकारस्ते' (२.४७) हा श्लोक बहुतेक जण अर्धाच म्हणतात. त्याचा शेवटचा चरण, 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', कर्म सोडून बसण्याचाही मोह नको असे बजावतो.

फलासक्ती आणि हिंसा यांचा संबंध मला पोथीपेक्षा आईच्या आजारपणात अधिक कळला. मी तिला रोज भरवत असे. ती घास थुंकून टाकी तेव्हा माझा आवाज चढे, आणि नंतर माझीच मला लाज वाटे. तिने खाल्लेच पाहिजे, बरे झालेच पाहिजे, हा हट्ट माझा होता, त्याचा मार मात्र तिला बसत होता.

गांधीजींनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या 'अनासक्तियोग' या आपल्या गीतेच्या अनुवादात हेच सूत्र धरले आहे. गीतेच्या अक्षरार्थानुसार युद्ध आणि फलत्याग एकत्र नांदू शकतात, हे ते मान्य करतात. परंतु चाळीस वर्षे ती शिकवण आचरण्याचा प्रयत्न केल्यावर, पूर्ण अहिंसेवाचून पूर्ण फलत्याग अशक्य आहे, असे त्यांना वाटले. उलट १९१५ च्या 'गीतारहस्या'त लोकमान्य टिळक अहिंसेलाही अपवाद असतात असे मानतात आणि लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या हितासाठी, केलेल्या निष्काम कर्माला प्राधान्य देतात. श्लोकांचे शब्द पाहता मला टिळकांचा अर्थ अधिक सरळ वाटतो. तरीही लोकांचे हित कशात आहे हे मीच ठरवू लागलो की, फळाची इच्छा मागल्या दाराने पुन्हा आत येते, आणि ही शंका माझ्या मनातून अजून गेलेली नाही.