स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली, तरी चार महिन्यांत हार्ट अ‍ॅटॅक कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हृदयात चोवीस तास रक्त खेळत असतं, मग त्यालाच रक्त कमी कसं पडतं? आणि ५२ वर्षांच्या वडिलांची स्ट्रेस टेस्ट (हृदयावर मुद्दाम ताण देऊन करतात ती तपासणी) नॉर्मल असूनही चार महिन्यांत झटका आला, म्हणजे तपासणीत काही चुकलं का? वडील आता घरी आहेत, हिंडतफिरत आहेत, हे वाचून बरं वाटलं. मी शरीररचनाशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही, म्हणून त्यांच्या उपचारांबद्दल काही बोलणार नाही. पण हे असं का होतं, ते नीट सांगता येईल.

विच्छेदनाच्या तासाला मी विद्यार्थ्यांच्या हातात हृदय देते. मुठीएवढं, साधारण ३०० ग्रॅमचं. डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा, उघडली की तिची भिंत सेंटिमीटरभर जाड दिसते. उजवीची भिंत तिच्या जेमतेम एक तृतीयांश. दोघी रक्त सारखंच ढकलतात, आपण स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला जवळपास पाच लिटर. पण उजवीला ते शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं असतं, डावीला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन डावीकडे, तिथून अंगभर, मग शिरांमधून परत उजवीकडे. वाटेतल्या झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. हे चक्र विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यांनी १६२८ मध्ये मांडलं, आणि त्यामागचा त्यांचा हिशेब मला आजही फार आवडतो. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं याचा त्यांनी अगदी हात राखून अंदाज धरला, तरी अर्ध्या तासात अख्ख्या शरीरात असतं त्याहून जास्त रक्त हृदयातून जातं असं निघालं. एवढं रक्त रोज नव्याने तयार होणं शक्यच नाही, म्हणजे तेच फिरत असणार!

आता तुमचा पहिला प्रश्न. बेडकाच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असते, आत आलेलं रक्त तिच्यात थेट मुरतं. आपली भिंत जाड आणि घट्ट. आतल्या पोकळीतल्या रक्ताचा उपयोग फक्त अगदी आतल्या पातळ थराला होतो. बाकीच्या स्नायूला रक्त बाहेरून आणावं लागतं. महाधमनी, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणारी मुख्य धमनी, जिथे सुरू होते तिथे, झडपेच्या पाकळ्यांच्या वर, दोन बारीक भोकं असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. तिथून निघणाऱ्या दोन करोनरी धमन्यांवर सगळं हृदय जगतं. सुरुवातीला त्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटर, पुढे आणखी कमी.

त्यातही दोन अडचणी आहेत. डावी जवनिका आवळते तेव्हा तिच्या भिंतीतल्या वाहिन्याही पिळल्या जातात. म्हणून तिला मुख्यतः रक्त मिळतं ते ती सैल पडते तेव्हा, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. ठोके वाढले की सगळ्यात आधी ही विश्रांतीच कमी होते, नेमकी गरज वाढलेली असताना. दुसरी अडचण अशी, की शरीराचे बाकीचे अवयव रक्तातला थोडाच प्राणवायू घेतात आणि गरज पडली तर जास्त काढून घेतात. हृदय मात्र शांत असतानाही सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. हाताशी शिल्लक जवळजवळ नाही. जास्त हवं तर जास्त रक्तच आलं पाहिजे. धमनी अरुंद झाली असेल, तर जिना चढताना छाती आवळते आणि थांबलं की मोकळी होते, ती यामुळे. याला अंजायना म्हणतात. स्ट्रेस टेस्ट हीच तूट शोधते.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ‘ब्लॉकेज’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नळात साचलेला गाळ येतो. ते चित्र चुकीचं आहे, आणि त्याने फार गैरसमज होतात. रोग धमनीच्या पोकळीत नसतो, भिंतीत असतो. मी विद्यार्थ्यांना धमनी चिमटीत धरून हलकेच फिरवायला सांगते. निरोगी असेल तर ओल्या दोऱ्यासारखी दबते. रोगट असेल तर एखाद्या जागी वाळक्या काडीसारखी कडक लागते, कात्री चालवली की करकरते. उभी चिरली की भिंतीच्या आत पिवळसर, मेणचट साठा दिसतो.

हा साठा होतो कसा? रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात त्याचे) कण आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथे अडकतात. त्यांना साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, ते खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. सूज चालू राहते, वर तंतूंचं पापुद्र्यासारखं झाकण धरतं. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं, आणि बराच काळ धमनी बाहेरच्या बाजूने फुगून आतली वाट मोकळी ठेवते. वाट मोकळी म्हणजे प्रवाह पुरेसा, आणि प्रवाह पुरेसा म्हणजे स्ट्रेस टेस्ट नॉर्मल.

मग एखाद्या दिवशी पातळ झाकण फाटतं. आतला मेणचट ऐवज रक्ताला लागतो, रक्ताला वाटतं जखम झाली, आणि ते गुठळी करतं. बोट कापल्यावर आपल्याला वाचवणारी हीच क्रिया तीन मिलिमीटरच्या वाटेत काही मिनिटांत बूच बसवते. कित्येकदा फाटणारी जागा निम्मीही अरुंद झालेली नसते. त्यामुळे तपासणी चुकली असं यावरून म्हणता येत नाही. त्या दिवशी वाट खरंच मोकळी असू शकते.

अस्तर कशाने बिघडतं, हे मात्र पक्कं ठाऊक आहे. वर्षानुवर्षं वाढलेलं एलडीएल, रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू. यात तंबाखूवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण तो अस्तरही दुखावतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढवतो. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाहीत. सुरुवात किती लवकर होते, याचा पुरावा १९५३ मध्येच मिळाला होता. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासली, सरासरी वय २२, आणि ७७ टक्क्यांच्या करोनरी धमन्यांत रोगाच्या कमीजास्त खुणा सापडल्या.

(झडपांचे, ठोक्यांच्या लयीचे, स्नायूचे आणि जन्मजात हृदयविकार वेगळे. त्यांची कारणंही वेगळी.)

वडिलांना पुन्हा छातीत जडपणा, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, धाप, यातलं काही जाणवलं, तर ‘टेस्ट नॉर्मल होती’ किंवा ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. मधुमेहींना, वृद्धांना आणि बायकांना अनेकदा छातीत फारसं दुखतच नाही. धमनी पूर्ण बंद झाली की अर्ध्या तासाच्या आत स्नायू मरायला लागतो, आधी आतला थर, मग तासागणिक बाहेरचा. जितक्या लवकर ती उघडेल तितका स्नायू वाचतो.

आणि एक तुमच्यासाठी, जे तुम्ही विचारलेलं नाही. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हा आजार झाला, तर डॉक्टर त्याला घराण्यातला जोखमीचा इतिहास धरतात. तुम्ही तिशीतले आहात असं लिहिलंय. एलडीएल, रक्तदाब आणि साखर या महिन्यातच तपासून घ्या, आणि डॉक्टरांना वडिलांचं वय आवर्जून सांगा.