केसाडियातलं बीन्सचं सारण बाहेर येतं आणि टॉर्टिया मऊ पडतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की केसाडियात (म्हणजे टॉर्टिया या मेक्सिकन पोळीत सारण भरून, दुमडून भाजतात तो प्रकार) कॅनमधले बीन्स, कांदा, टोमॅटो, सिमला मिरची असं सगळं एकत्र परतून भरता आणि उलटताना अर्धं सारण तव्यावर सांडतं, शिवाय ऑफिसमधून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत व्हायला हवंय. होतं की, आरामात होतं, पण आधी तो टोमॅटो बाहेर काढा. टोमॅटो, कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरून मीठ-लिंबू घालून वाटीत वेगळं ठेवायचं (मेक्सिकन लोकांचं पिको दे गायो ते हेच) आणि खाताना वरून घ्यायचं, आत भरलं की ते पाणी सोडणारच.

आता बीन्स. काळे किंवा पिंटो, कुठलेही चालतील. ४२५ ग्रॅमचा एक कॅन चार केसाडियांना पुरतो. चाळणीत ओतून नळाखाली धुवा, ते चिकट पाणी जाऊ दे. कढईत चमचाभर तेल, जिरं, भरपूर लसूण, कांदा चांगला लालसर होईपर्यंत परता, मग तिखट, थोडा ओरेगानो आणि बीन्स. अर्धे बीन्स पावभाजीच्या मॅशरने तिथेच चेचायचे, अर्धे अख्खे राहू द्यायचे. चेचलेल्यामुळे सारण धरून राहतं आणि अख्ख्यांमुळे दाताखाली काहीतरी येतं. आणि मग आटवत राहा, कालथा फिरवल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे आणि लगेच झाकला जाता कामा नये, तिथवर आलं की गॅस बंद. खरं सांगायचं तर सगळी करामत या पाच मिनिटांत आहे, बाकी कुणीही करेल. सिमला मिरची किंवा मका घालायचाच असेल तर वेगळा मोठ्या आचेवर परतून मग मिसळा.

भरताना हात आखडता घ्या. आठ इंची टॉर्टियाच्या अर्ध्या भागावर आधी किसलेलं चीज, त्यावर सारणाचे तीन मोठे चमचे, त्यावर परत चीज, कडेला बोटभर जागा सोडून, मग दुमडायचं. खालचं-वरचं चीज वितळून दोन्ही बाजू चिकटवून ठेवतं, फक्त एकाच बाजूला घातलं की दुसरी बाजू सुटते. मेक्सिको सिटीत तर चीज नसलेलाही केसाडिया मिळतो, चीज हवं असेल तर वेगळं सांगावं लागतं, आणि बाकीचा मेक्सिको त्यावरून त्यांची भरपूर टर उडवतो, पण आपल्या या झटपट प्रकारात चीजशिवाय भागत नाही. अमेरिकेत असाल तर मॉन्टेरे जॅक मस्त वितळतं, भारतात मोझरेला आणि साधं प्रोसेस्ड निम्मं-निम्मं घ्या, नुसता मोझरेला फार अळणी लागतो.

तवा आधी तापवा, मग आच मध्यम करा. मोठ्या आचेवर टॉर्टिया करपतो आणि चीज तसंच राहतं. तेल अगदी पुसल्यासारखं. दोन-अडीच मिनिटं हात लावू नका, खाली तपकिरी ठिपके आले की दुमडलेली बाजू बिजागरीसारखी धरून उलटा, म्हणजे उघड्या कडेतून काही पडत नाही. उतरवल्यावर मिनिटभर थांबून मगच कापा. ताटात एकावर एक रचू नका, वाफेने मऊ पडतात. जाळीवर ठेवा.

शिळ्या पोळीचा होतो का, असंही विचारलंय. होतो, पोळी जरा जाड हवी. फुलका घेऊ नका, फाटतो.

तुम्ही व्हेज म्हणालात म्हणून एक सांगते, अमेरिकेत रिफ्राइड बीन्सचा (शिजवून, चेचून परतलेल्या बीन्सचा) कॅन घेतलात तर लेबल वाचा, पारंपरिक प्रकारात लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते, व्हेजिटेरियन लिहिलेला वेगळा मिळतो. चीजमध्येही प्राण्यांचं रेनेट (चीज करताना दूध घट्ट करायला वापरतात तो पदार्थ) असू शकतं, ते तुम्हाला चालतं का ते बघा. आणि घरचा लाल राजमा वापरणार असाल तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून कुकरलाच लावा. स्लो कुकरमध्ये कच्चा टाकू नका, तिथे तो पुरेसा उकळत नाही आणि अर्धाकच्चा राजमा पोटाला चांगलाच बाधतो, उलट्या होतात.

सारण फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहतं, तेव्हा रविवारी दुप्पट करून ठेवलंत तर मधल्या वारी फक्त भरायचं आणि भाजायचं.