देवीला चालेल का?

प्रश्न : मी फोंड्याची, वय 26. जन्मनोंदीत मुलगा, पण मी बाई आहे. देवीची ओटी भरायला निघाले की आई अडवते, ‘देवीला चालणार नाही.’ काय करू?

उत्तर : बाय, आईला घेऊन म्हार्दोळला महालसेच्या देवळात जा. महालसा म्हणजे विष्णूचं मोहिनीरूप. देवी आहे आणि गळ्यात जानवं! लहानपणी मी आजीला विचारलं, बाईला जानवं कसं? ती म्हणाली, ‘तो नारायणच गो.’ आईला हे नक्की सांग. तामिळनाडूत कूवागम गावच्या उत्सवात तर तृतीयपंथी अरावानाच्या नावाने मंगळसूत्र बांधून घेतात; अरावान म्हणजे अर्जुनाचा मुलगा, ज्याच्याशी कृष्णाने मोहिनी होऊन लग्न केलं अशी कथा आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. पण आईला निकाल नको, धीर हवा. खण-नारळ घे, जाईच्या फुलांची माळ तिच्या हातात दे.