वाचकांचे प्रश्न : नॉमिनी, बक्षीसपत्र आणि कुटुंब निवृत्तिवेतन

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. पुण्यातील सदनिका आणि बँकेतील ठेवी माझ्या एकट्याच्या नावावर असून दोन्हीकडे धाकट्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे. पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी असा परिवार आहे. नॉमिनेशन झालेले असताना वेगळे मृत्युपत्र करण्याची गरज आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : गरज आहे, आणि आपल्या बाबतीत ती जरा अधिकच आहे. नॉमिनी हा मालक होत नाही. आपल्या पश्चात बँकेने किंवा गृहनिर्माण संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा, एवढेच नॉमिनेशनने ठरते. ती रक्कम वा सदनिका अखेरीस कोणाची, हे मृत्युपत्राने आणि ते नसल्यास वारसा कायद्याने ठरते. विम्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्येच स्पष्ट केले होते, आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये त्याच तत्त्वावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही 2019 च्या सुधारणेनंतर नॉमिनीला, खरे वारस निश्चित होईपर्यंत, केवळ तात्पुरता सभासद करून घेण्याची तरतूद आहे. अपवाद आयुर्विम्याचा. 2015 पासून आई-वडील, पती वा पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर पॉलिसीच्या रकमेवर सर्वसाधारणपणे त्यांचाच हक्क राहतो.

आपण मृत्युपत्र केले नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार पत्नी आणि तिन्ही अपत्ये यांना सारखा, म्हणजे प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा मिळेल. आपल्या मातोश्री हयात असतील तर त्याही समान वाटेकरी होतील. मुलगी विवाहित आहे म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. थोडक्यात, धाकट्याला वाटेल की सदनिका आपली, आणि कायदा म्हणेल की चौघांची. घरातल्या भांडणांना बहुधा अशीच सुरुवात होते, म्हणून आपल्या मनात जे असेल ते आजच लेखी करावे.

मृत्युपत्राला मुद्रांक कागद लागत नाही. साधा कागद चालतो. आपली सही आणि ती पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र आवश्यक आहेत. ज्यांना मृत्युपत्राने काही मिळणार आहे अशांना साक्षीदार करू नये, आणि शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान साक्षीदार निवडावेत, कारण पुढे न्यायालयात सही शाबीत करण्याची वेळ आली तर ते हयात असायला हवेत. नोंदणी सक्तीची नाही. तरीही दुय्यम निबंधकांकडे केलेली बरी. त्याच दिवशीचे, आपण सारासार विचार करण्यास सक्षम असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. ‘माझी सर्व मालमत्ता’ असे मोघम न लिहिता सदनिका क्रमांक, संस्थेचे नाव, भागपत्राचा क्रमांक आणि ठेवींचे खाते क्रमांक लिहावेत. आणि या यादीत नसलेली उरलीसुरली मालमत्ता कोणाला, हेही एका वाक्यात नमूद करावे, म्हणजे पुढे काढलेली एखादी ठेव अधांतरी राहणार नाही. गावाकडे वडिलोपार्जित जमीन असल्यास मृत्युपत्राने फक्त आपल्या हिश्श्याचीच विल्हेवाट लावता येते. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र मृत्युपत्रात घालू नये. ते आपली संपत्ती नसून सेवानियमांनुसार पात्र व्यक्तीला मिळणारा हक्क आहे.

बँकेतील नॉमिनेशन या निमित्ताने बदलून घ्यावे. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींसाठी चार जणांपर्यंत नावे आणि प्रत्येकाची टक्केवारी देता येते. ती मृत्युपत्राशी जुळती ठेवावी.

प्रश्न : मी विधवा असून राहते घर माझ्या नावावर आहे. मुलगा म्हणतो, आताच बक्षीसपत्र करून दे, मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये लागते. करावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मुलगा सांगतो ते खरे आहे. महाराष्ट्रात राहते घर अपत्याला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे. अन्य अधिभार असल्यास तो वेगळा. परंतु स्वस्त आहे म्हणून घाई करू नये. बक्षीसपत्राची नोंदणी होताच मालकी जाते आणि मन बदलले म्हणून ती परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. मुलाविषयी मनात काही किंतू नसला तरी माझा कौल मृत्युपत्रालाच आहे.

तरीही बक्षीसपत्र करायचेच ठरले, तर दोन गोष्टी त्यात स्पष्ट लिहून घ्याव्यात : आपला त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क, आणि मुलाने आपला सांभाळ करण्याची अट. ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 च्या कलम 23 नुसार अशी अट मोडल्यास न्यायाधिकरण, म्हणजे सामान्यतः प्रांताधिकारी, तो दस्त रद्द ठरवू शकते. अटच नसेल तर या कलमाचा आधार मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले होते. जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला, पण त्या प्रकरणातही सांभाळाचे वचन कागदावर होते.

प्रश्न : माझे पती टपाल खात्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि त्रेसष्टाव्या वर्षी वारले. मला महागाई भत्ता वगळून 30,000 रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळत होते; ते अचानक 18,000 झाले. पतींनी पेन्शनचा काही भाग विकला होता (म्हणजे त्याबदली एकरकमी पैसे घेतले होते), त्यामुळे ही कपात झाली का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. पेन्शन विक्रीचा कुटुंब निवृत्तिवेतनावर परिणाम होत नाही. केंद्रीय नियमांनुसार निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास सात वर्षे, किंवा पती हयात असते तर त्यांना 67 वर्षे पूर्ण झाली असती त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर शेवटच्या मूळ वेतनाच्या 50 टक्के दर मिळतो. त्यानंतर तो 30 टक्के होतो. आपल्या पतींचे मूळ वेतन 60,000 असावे, म्हणजे हिशेब बरोबर आहे. वाढीव दर कधी संपतो ती तारीख पेन्शन आदेशात छापलेली असते, ती एकदा पडताळून पाहावी. वयाला 80 वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ कुटुंब निवृत्तिवेतनात 20 टक्के भर पडते. आदेशात आपली जन्मतारीख नसेल तर ती आताच, पुराव्यासह, बँकेमार्फत नोंदवून घ्यावी.