आधी बघायला शिकव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पोस्टरचे आराखडे मिळाले. निपाणीत महिला मंडळाच्या खोलीत दर रविवारी मुलींचा चित्रांचा वर्ग घ्यायचा आणि त्यातून त्यांच्या मनातली स्वतःच्या शरीराची लाज थोडी तरी सैल करायची, हे तू ठरवलंस याचा मला फार आनंद झाला. हे का सुचलं तेही तू मोकळेपणी लिहिलंस. स्थळाला पाठवायच्या फोटोत स्टुडिओवाल्याने न विचारता तुझा रंग उजळवला आणि घरात सगळ्यांना तोच फोटो आवडला. वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. जी मुलगी माणसाच्या चेहऱ्यातली एकेक छटा हेरून कागदावर उतरवते, तिच्याच चेहऱ्यावरच्या छटा कुणी एका बटणाने पुसाव्यात, हे मला सहन होत नाही.

आता पोस्टरांबद्दल. ती लावू नकोस असं माझं मत आहे, निदान सुरुवातीला तरी. ‘स्वतःवर प्रेम करा’ हे वाक्य तू मनापासून लिहिलं आहेस, पण ज्या मुलीला आरशासमोर उभं राहणं नको वाटतं, तिला ती भिंतीवरची आज्ञा वाटते. आधीच तिला आपलं नाक जमलेलं नाही, कंबर जमलेली नाही. आता प्रेमही जमत नाही असं होईल. शिवाय तुझ्या पोस्टरमधली मुलगी तूच एकदा नीट बघ. रंग तू सावळा दिला आहेस, ते चांगलं केलंस. पण कंबर मुठीत मावेल एवढी, मान लांब, पावलं इवलीशी. मी तिची उंची तिच्याच डोक्याच्या मापाने मोजली, आठ डोकी भरली. साधारण माणूस सात-साडेसात डोक्यांचा असतो. आठ डोक्यांची आकृती रुबाबदार दिसते म्हणून चित्रकारांनी ती ठरवून लांबवली, पुस्तकांतून ती आपल्याकडे आली, आणि हाताला एकदा सवय लागली की समोर कुणीही असलं तरी तो तीच काढतो. वर्ग सुरू करण्याआधी तुझ्या हाताची ही सवय मोडायला हवी. निपाणीच्या स्टँडवर वही घेऊन बस. संकेश्वरच्या, चिकोडीच्या गाडीची वाट बघणाऱ्या बायका काढ. पेन्सिल डोळ्यांसमोर धरून प्रत्येकीची डोकी मोज. पाठीचं पोक, पदराखालचं पोट, चपलेबाहेर आलेली टाच, जसं आहे तसं. अशी एक वही भरली की तुझ्या रेषेवर मुलींचा विश्वास बसेल.

चित्रकला शरीराबद्दलची लाज कशी कमी करते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते ती कौतुक करून कमी करत नाही, बघायला लावून करते. आपण स्वतःकडे बघतो तेव्हा खरं तर बघतच नाही, निकाल देतो. नाक नकटं, रंग काळा, दंड जाड; झालं, बघणं संपलं. पेन्सिल हातात असली की एवढ्यावर भागत नाही. दंडाची कड कुठे वळते, कोपराशी सावली कुठे सुरू होते, मनगट कुठे निमुळतं होतं, हे शोधावंच लागतं. त्या शोधात ‘जाड’ हा शब्द थोडा वेळ निरुपयोगी होतो. तेवढाच वेळ सुरुवातीला पुरतो.

म्हणून पहिल्या दिवशी आरसा देऊ नकोस. प्रत्येकीला तिचाच डावा हात काढायला सांग. नजर हातावर, पेन्सिल कागदावर. कागदाकडे बघायचं नाही आणि पेन्सिल उचलायची नाही. नजर मुंगीच्या चालीने पुढे सरकली पाहिजे आणि तिच्याबरोबर पेन्सिलचं टोक. चित्र वेडंवाकडं येतं, सगळ्यांचंच येतं, त्यामुळे कुणाचं चांगलं आणि कुणाचं वाईट हा प्रश्नच राहत नाही. हातासारखं दिसलं नाही तरी त्यात नखाशेजारची सुटलेली कातडी असते, चुन्याने उललेलं बोट असतं, बांगडीचा वळ असतो. मुली हसतील, हसू दे. दुसरा हात काढताना त्या आपोआप गप्प होतात.

पुढच्या रविवारी आईचे हात काढून आणायला सांग. तुझ्या गावात तर हातांचा खजिना आहे. मांडीवर सूप घेऊन पानं कापणाऱ्या, तंबाखू भरून विडी वळणाऱ्या, दोरा गुंडाळणाऱ्या बायका. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, म्हणून त्या हातांना थांबायची सवय नाही. मुलीने अर्धा तास आईचा अंगठा निरखला की आईसुद्धा काम थांबवून त्या अंगठ्याकडे बघते. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे, आणि मला वाटतं, तुझ्या वर्गाचं निम्मं काम त्या अर्ध्या तासात होईल.

वर्गात नियम एकच ठेव, पण तो कडक पाळ. शरीराबद्दल निकाल देणारं विशेषण वापरायचं नाही. गोरी, काळी, जाडी, काटकुळी नाही, आणि ‘सुंदर’सुद्धा नाही. तुझ्याकडे कानडी बोलणाऱ्या मुलीही येणार. तेव्हा ‘जाड’ला बंदी असेल तर ‘दप्प’लाही हवी, ‘काळी’ला असेल तर ‘कप्पु’लाही. बोलायचं ते रेषेबद्दल आणि उजेडाबद्दल. ही कड इथे मऊ आहे, हनुवटीखालची सावली गालापेक्षा थंड आहे, हा कान डोळ्याच्या रेषेपासून सुरू होतो. पहिले दोन-तीन आठवडे मुली अडखळतील. मग ही भाषा त्यांना इतकी आवडते की घरी जाऊनही त्या अशाच बोलतात.

रंगाच्या दिवसासाठी मात्र पूर्ण रविवार ठेव, घाई करू नकोस. अंगाच्या रंगाची म्हणून मिळणारी तयार गुलाबी बाटली पिशवीतच राहू दे. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), येलो ऑकर (मातकट पिवळा), अल्ट्रामरीन (गडद निळा), थोडा लाल आणि पांढरा, एवढे पोस्टर रंग पुरे. प्रत्येकीने आपल्या हाताचा रंग बनवायचा, त्याचा ठिपका मनगटावरच लावून ताडून बघायचा आणि जुळेपर्यंत मिसळत राहायचं. सिएनात निळ्याचा जरासा अंश पडला की तपकिरी खोल होत जातो. ऑकरने त्याला ऊब येते. पांढरा शेवटी आणि कमीत कमी, कारण जास्त झाला की रंग राखेरी, निर्जीव होतो. हे मुलींना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, तू सांगू नकोस. मग हाताची आतली बाजू, कोपर, तळवा, बोटांची पेरं यांचे रंग बनवायला लाव. एकाच हातावर इतके रंग सापडतात की ‘माझा रंग’ असा एक काही उरत नाही. सर्वांत गोरी म्हणवली जाणारी मुलगी आणि सर्वांत सावळी मुलगी यांच्या ताटलीत तेच पाच रंग आहेत, फक्त प्रमाण वेगळं, हेही त्याच दिवशी कळतं.

जमलं तर त्यांना अजिंठ्याच्या चित्रांचे फोटो दाखव. तिथले रंग मातीचे आणि दगडाचे आहेत: गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी लाजवर्द हा निळा दगड. पहिल्या लेण्यात सावळ्या आणि गोऱ्या आकृती शेजारी शेजारी आहेत, दागिने दोघींनाही, आणि चित्रकाराने दोघींवर सारखीच मेहनत घेतली आहे. चित्रकार अमृता शेरगिल पॅरिसहून शिकून आली, अजिंठा पाहिला, दक्षिणेत फिरली आणि १९३७ साली तिने दक्षिण भारतातली माणसं रंगवली. त्या चित्रांतला तपकिरी रंग बघ, किती भरदार आहे. तुझ्यासाठी तो अभ्यास आहे, मुलींसाठी आधार.

मोबाईलचा विषय निघेलच. सेल्फीत नाक मोठं दिसतं अशी तक्रार जवळजवळ प्रत्येकीची असते. त्यावर २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं आहे: पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. जे कॅमेऱ्याच्या जवळ ते मोठं, एवढंच कारण. वर्गात मोजायची टेप लावून दोन्ही अंतरांवरून फोटो काढून दाखव. ज्या नाकावरून मुली रडतात त्यातला मोठा भाग हाताच्या लांबीचा दोष आहे, हे दिसलं की खूप हलकं वाटतं.

यानंतर जोडीने व्यक्तिचित्र. माझ्या लेखी हा सगळ्यांत मोलाचा भाग आहे. आपल्या बेळगावला व्यक्तिचित्रणाची परंपरा आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी सर इथे राहून शिकवत राहिले. रवी परांजपे, जॉन फर्नांडिस हे त्यांचेच विद्यार्थी. या परंपरेत डोळे, नाक, ओठ सुटे काढत नाहीत, आधी चेहऱ्यावरचा उजेड आणि अंधार यांचे मोठे आकार बघतात. तूही तसंच शिकव. एक मुलगी बसेल, दुसरी काढेल, मग अदलाबदल. बसणारीला पहिल्यांदा फार अवघड जातं. आपल्या मुलींकडे लोक बघतात ते तोलायला बघतात, पाहुणे येतात तेव्हा तर उघडच. कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्षपूर्वक बघतंय आणि आपल्यात काही खोट काढत नाही, हा अनुभव अनेकींना आयुष्यात पहिल्यांदाच येतो. एखादीच्या डोळ्यांत पाणी येईल. तेव्हा काही बोलू नकोस, पाण्याचा तांब्या पुढे कर आणि वर्ग चालू ठेव.

मुलींच्या भावांनाही कधीतरी बोलव. आपल्या भागात कुस्तीचा मान मोठा. बेळगावच्या आनंदवाडीच्या मैदानात उतरणाऱ्या पैलवानाचे कान बघितले आहेस ना? घासून, दाबून आत रक्त साकळतं आणि कान तसाच कडक होऊन राहतो. तो मोडलेला कान पैलवान मिरवतो, गावही त्याला मान देतं, कारण त्यामागची मेहनत सगळ्यांना माहीत असते. मग बाळंतपणाने पोटावर उमटलेल्या रेघा बाईने का लपवायच्या, चुलीच्या चटक्याचा डाग पदराखाली का न्यायचा? हा प्रश्न मुलांसमोर मांड आणि मोडलेला कान आणि हातावरचा चटक्याचा डाग, दोन्ही खुणा त्याच पेन्सिलने काढायला लाव. ज्यांच्या शेऱ्यांनी बहिणी खचतात, त्यांनीही बघायला शिकलं पाहिजे. सगळा भार मुलींवरच का टाकायचा?

कोड असलेली, भाजलेली किंवा पाय अधू असलेली मुलगी आली तर तिला कधीही ‘तुझा डाग काढ’ म्हणू नकोस. ती काय काढेल ते तिचं तिला ठरवू दे. कदाचित वर्षभर ती कुंड्याच काढेल. मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो १८ वर्षांची असताना, १९२५ साली, बसच्या अपघातात जबर जखमी झाली. अंथरुणाला खिळली होती तेव्हा पलंगावर वर आरसा लावून ती स्वतःचं चित्र काढायची. पुढे १९४४ साली तिने आपला मोडलेला कणा आणि अंगभर टोचलेले खिळे रंगवले. ती समोर सरळ बघते त्या चित्रात, कीव मागत नाही. पण एवढं काढायला तिला वेळ लागला, आणि तिला कुणी तसं काढायला सांगितलं नव्हतं. लहान मुलींना ते चित्र लगेच दाखवू नकोस, घाबरतील.

कुणी आपलं चित्र फाडलं तर फाडू दे. सगळ्याच मुली शरीरावर प्रेम करू लागतील असंही धरून चालू नकोस. शरीराशी असलेलं वैर कमी झालं, सकाळी वेणी घालताना स्वतःला दोन शिव्या कमी दिल्या गेल्या, तरी मी ते पुष्कळ समजेन.

आणि एक गोष्ट ठाम लक्षात ठेव. वर्ग म्हणजे उपचार नव्हे. एखादी जेवण टाळत असेल, खाऊन ओकत असेल, हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या, कॉलेजला जाणंच बंद केलं असेल, तर चित्रावर विसंबून राहू नकोस. तिच्याशी एकटीशी बोल, घरात ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्याला गाठ. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेली मानसचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक फुकट आहे. तो वर्गाच्या दारामागे लिहून ठेव. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे मानसोपचार तज्ज्ञ भेटतात. न्यायची वेळ आली तर मला फोन कर, मी बरोबर येईन.

चित्रं ज्यांची त्यांची. प्रदर्शनाची तुझी इच्छा मला समजते, पण प्रत्येकीला वेगळं, एकटीला विचार, आणि ‘नको’ म्हणाली तर कारण विचारू नकोस. इन्स्टाग्रामवर मुलींचे चेहरे अजिबात टाकायचे नाहीत. आईवडिलांना पहिल्याच रविवारी आत बसवून सगळं दाखव. अंगभर कपड्यांत, हात-पाय-चेहरा, एवढंच आपण काढतो हे त्यांनी बघितलं की पुढे अडचण येणार नाही.

कागद मोठा आणि स्वस्त घे, पुसायला रबर ठेवू नकोस. खोलीला उत्तरेकडून खिडकी आहे का आणि साधारण किती मुली येतील, ते कळव. जोडीचा वर्ग घेशील त्या रविवारी मी सकाळच्या गाडीने येते. मला कुणाच्या तरी समोर बसव, माझंही चित्र होऊ दे.

तुझी,
बाई