शिक्रा हॉलमध्ये पाळता येईल का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. परवा वळवाच्या पावसात सोसायटीतल्या लिंबावरनं शिक्र्याचं, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्याचं, पिल्लू खाली पडलं, पिसं आलीत पण उडता येईना, म्हणून पोरानं घरी आणलं. आता तो रील्स बघून हट्ट करतोय की परदेशात लोक हॉलमध्ये छोटे ससाणे ठेवतात, हातावर बसवतात, आपण पण ठेवू. आमचे मिस्टर म्हणतात पूर्वी राजेरजवाडे पाळायचेच की. दूध-पाव देतोय पण तोंड लावेना. काय करू सांगा की.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पहिलं ते दूध-पाव बंद करा. हा मांस खाणारा पक्षी, दूध त्याला पचत नाही. चोचीत पाणी पण ओतू नका, श्वासनळीत गेलं तर तिथंच संपलं, त्याला लागणारं पाणी बहुतेक मांसातनंच मिळतं.

पंख लोंबत नसेल, रक्त नसेल तर पिल्लू आजच त्याच झाडावर जमेल तितक्या उंच फांदीवर ठेवा, नाहीतर टोपली बांधून त्यात ठेवा, आणि मांजरं-कुत्री लांब ठेवा. आईबाप तिथंच आसपास असतात, खायला घालतात. माणसाचा हात लागला की आई टाकून देते म्हणतात ते काही खरं नाही. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात जुना टॉवेल टाकून अंधारात, गार जागी ठेवा आणि वनखात्याच्या 1926 वर फोन लावा. पोरांना सारखं झाकण उघडून बघू देऊ नका, भीतीनंच पक्षी अर्धा होतो.

पाळायचं म्हणाल तर नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिक्रा संरक्षित आहे, घरात ठेवला तर गुन्हा, त्यात तुरुंगवास पण होऊ शकतो. मिस्टरांचं म्हणणं खोटं नाही, आपल्याकडं शिक्रा मुठीत धरून भाल्यासारखा फेकायचे आणि लावे पकडायचे, पण रजवाड्यांकडं त्याच कामाला बाजदार, म्हणजे शिकारी पक्षी सांभाळणारी माणसं, ठेवलेले असायचे हो, तुमच्याकडं कोण आहे? रील्समधले पक्षी बघाल तर इंग्लंडात ते पिंजऱ्यातच जन्मलेले आणि पायात कडी घातलेले असावे लागतात, अमेरिकेत तर लेखी परीक्षा, जागेची तपासणी आणि निदान दोन वर्षं जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी, तेव्हा कुठं पुढचं लायसन.

आणि रीलमध्ये जे दाखवत नाहीत ते सांगते. ससाणा शीट सरळ खाली टाकतो, पेपर अंथरला की भागतं, पण शिक्रा शेपूट वर करून अशी पिचकारी मारतो की मागची भिंत, पडदा, सोफा सगळं पांढरं. वर मे महिन्यात सोलापुरात सीलिंग फॅन बंद ठेवून बसणार का तुम्ही? खिडकीची काच त्याला दिसतच नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुरानं पक्षी मिनिटांत मरतो. नुसतं बोनलेस चिकन घातलं तर कॅल्शियमअभावी पिल्लाची हाडं वाकतात, त्याला हाडा-पिसांसकट अख्खं भक्ष्य लागतं, मग न पचलेल्या पिसांची गोळी तो चोचीतनं टाकतो, ती हॉलमध्ये कोण उचलणार? बसायची जागा चुकली तर तळपायाला सूज येऊन पू होतो. एवढासा पक्षी, वजन शे-दोनशे ग्रॅम, त्यात थोडं जरी घटलं तरी धोका, म्हणून पाळणारे लोक रोज काट्यावर वजन करतात.

पोराला खरंच आवड असेल तर एक दुर्बीण घेऊन द्या आणि थंडीत नान्नजच्या माळरानावर न्या, माळढोक आता नशीब असेल तरच दिसतो, पण खरुची, म्हणजे एक छोटा ससाणा, मात्र हवेत एका जागी पंख मारत थांबलेली दिसते, सकाळी लवकर निघा, पाणी घरनंच न्या.