सांगलीत राहून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांच्या लहान पुस्तकांचे सचित्र संच जमवायचे आहेत; पेटीसंच घ्यावा की सुटी पुस्तके?

पेटीसंचच घ्यावा, परंतु पैसे देण्यापूर्वी आतील चित्रे कोणाची आहेत हे विक्रेत्याकडून छायाचित्रासह पक्के करून घ्यावे. या आवृत्त्या मी स्वतः जमवल्या असून माझ्या मते त्यांचे मोल मजकुराइतकेच चित्रांत आहे. ‘फार्मर जाइल्स ऑफ हॅम’ (१९४९), ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ टॉम बॉम्बाडिल’ (१९६२) आणि ‘स्मिथ ऑफ वूटन मेजर’ (१९६७) या तिन्ही पुस्तकांच्या मूळ आवृत्त्यांसाठी पॉलीन बेन्स यांनी चित्रे काढली. मध्ययुगीन हस्तलिखितांची आठवण करून देणारी त्यांची नाजूक रेषा कथांच्या स्वभावाशी इतकी एकरूप आहे की ती वगळून छापलेली आवृत्ती मला अपुरी वाटते. ‘रोव्हरँडम’ लेखकाच्या निधनानंतर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात टॉल्किन यांची स्वतःचीच चित्रे आहेत. ॲलन ली यांची चित्रे हवी असल्यास ‘टेल्स फ्रॉम द पेरिलस रिअल्म’ची २००८ ची आवृत्ती पाहावी, तो मात्र एकत्रित खंड आहे.

एक अट आपल्याकडच्या हवामानाची. पावसाळ्यात घट्ट पेटीत ओल कोंडून बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर पुस्तके पेटीबाहेर, भिंतीपासून थोडी दूर, उभी ठेवावीत. आणि घर कृष्णाकाठी असेल तर, २०१९ चा पूर लक्षात घेता, संग्रह तळमजल्यावर ठेवूच नये.